वारा खाण्याचं काम

बाबा, गेल्या आठवड्यात ऑफिसात एक फॉर्म आला. खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागलेल्यांनी आपापली कामगिरी भरून द्यायची होती. त्यात 'सर्वोत्तम क्रमांक' असा एक रकाना होता. बारा वर्षं कंपनीच्या टीमकडून सायकलच्या रेस मारल्या, दिसेल तो घाट चढलो, दोन्ही गुडघे घालवले, आणि त्या रकान्यात लिहिलं 'चौदावा'. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "सर, हे चौदा आहे की चार?" मी म्हटलं, चौदा. त्यांनी कागद जरा घाईनेच खाली सरकवला. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि हा प्रश्न सगळ्यात आधी तुम्हीच विचारत होतात.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही लालबागला मसाला कुटायच्या डंखाच्या मशीनवर लागलात. संध्याकाळी आधी मिरचीचा खकाणा जिना चढून यायचा, शेजारीपाजारी शिंकायला लागायचे, आणि मग तुम्ही दिसायचात. चपला काढता काढता विचारायचात, "कितवो इलस?" मी बावीस, एकतीस असं काहीतरी सांगायचो. तुम्ही "बरां" म्हणून मोरीत हात धुवायला जायचात. त्या 'बरां'चा मला फार राग यायचा.

एकदा नीट समजावून सांगायचं ठरवलं. आमच्या टीममध्ये जिंकायला एकच गडी असतो. बाकीच्यांनी त्याच्या पुढे राहून समोरचा वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे त्याचा दम शेवटपर्यंत टिकतो. आम्ही पोरं त्याला वारा खाणं म्हणायचो, आणि मी मूर्खासारखा तोच शब्द तुमच्यासमोर वापरला. "बाबा, माझं काम वारा खायचं." तुम्ही आईकडे बघितलंत. "आयकलंस? कंपनी ह्येका वारो खाऊक पगार देता." आई हसली, मीही हसलो. पुढे चाळीत कुणी माझी चौकशी केली की तुम्ही तेच सांगायचात, आणि लोकांना वाटायचं मी चौपाटीवर पाय पसरून बसलेला असतो. खरं तर मी 'बदली' म्हणायला हवं होतं. तुम्ही स्वतः कित्येक वर्षं गिरणीत बदलीवर काढली होतीत. दुसऱ्याच्या साच्यावर उभं राहून राबणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगावं लागलं नसतं. पण हा शब्द मला सुचला तो तुम्ही गेल्यावर.

मग ती दादरला संपणारी रेस. तुम्ही पहिल्यांदाच बघायला येणार होतात. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही साबणाने तीनदा हात धुऊन माझ्या पोटऱ्यांना खोबरेल चोळायला बसलात. तीनदा धुऊनही मिरची तुमच्या बोटांतून गेली नव्हती. पायांची आग आग झाली. मी दात आवळून पडून राहिलो, कारण तुम्ही त्याआधी असे कधी बसला नव्हतात.

शेवटचा अर्धा किलोमीटर उरलाय. मी एकटा पुढे आहे, कसा निसटलो ते माझं मलाही कळलेलं नाही. दोरीच्या पलीकडे तुम्ही उभे आहात, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि मी पाय थांबवतो. मागचा घोळका येऊन मला गाठतो, आमच्या गड्याला मी पुढे काढून देतो, तो जिंकतो. गर्दीतून वाट काढत तुम्ही आलात आणि विचारलंत, "थांबलंस कित्याक?" मी म्हटलं, आमच्या कोच सरांचा हुकूम होता.

तुम्ही ते मानलंत. 'वारो खाता' म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं. पण सरांना तुम्ही कधी माफ केलं नाही. "त्या मास्तरान माझ्या झिलाक थांबवल्यान," हे तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात. तुमच्या आजारपणात सर मोसंबी घेऊन आले, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. ते पाच मिनिटं बसले, चहा न घेताच गेले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. "वडिलांना फार त्रास होतोय," एवढंच ते म्हणाले. मी मान डोलावली.

बाबा, सरांनी त्या सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज वडील येतायत ना? पायात दम असला तर सरळ जा. मागे बघू नकोस." मी मागे बघितलं. पुढे कुणाचीच पाठ नव्हती, नुसता मोकळा रस्ता होता, आणि मला भीती वाटली. दम होता. थांब असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. सगळं आयुष्य मी दुसऱ्यासाठी झिजलो असं सांगत आलो, आणि जो एक दिवस माझा होता, तो मी घाबरून देऊन टाकला.

सर अजून भोईवाड्यात राहतात. आता ऐकू कमी येतं, पण वाचतात. तुम्हाला लिहिलेले हे कागद त्यांच्या घरी नेऊन द्यायला चालत दहा मिनिटं लागतील. मी देणार नाही.