नवमीचं पान

९ सप्टेंबर, मंगळवार
हो म्हणून बसले! डबा खाताना धनश्रीने असा काही आग्रह केला की माझं डोकंच चाललं नाही. "मॅडम, सोमवारी रजा टाका, आमची सोनई बघा. निवांत!" निवांत कसलं? तिच्या शेजारच्या देवश्रीताईंना अविधवा नवमीला सवाष्ण हवी आहे. त्यांच्या यजमानांची पहिली बायको गेली, तिच्या नावाने दरवर्षी एक सवाष्ण जेवते. नेहमीच्या बाई यंदा लेकीकडे.

सवाष्ण! मी?

मार्तंड दूध आणायला म्हणून गेला, त्याला आठ वर्षं झाली. दुधाची पिशवी नेली आणि पाकीट, ज्यात भंडारदऱ्याला काढलेला माझा फोटो असायचा. पोलीस झाले, ज्योतिषी झाले. मंगळसूत्र मी काढलं नाही. ऑफिसात सगळे समजतात, नवरा परगावी असतो. तो जिवंत आहे की नाही हे मलाच ठाऊक नाही, आणि मी दुसऱ्यांच्या पानावर बसणार.

१० सप्टेंबर
बेत ठरला. सव्वानऊची एसटी, घोडेगावला उतरायचं, पुढे जीप. देऊळ, मग धनश्रीच्या मळ्यात कांद्याची रोपं बघायची. बाराला पान. चारला घरी. उगाच घाबरते मी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
देवश्रीताईंचा फोन. गोड आवाज. "नाव काय हो तुमचं?" "इंदू." त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. या हं, नक्की या."

काय करणार तेही सांगितलं — गेलेलीच्या आवडीचं करतात. घारगे. कढीला नुसती जिऱ्याची फोडणी. "आणि खिरीत जायफळ. वेलदोड्याने तिचं डोकं दुखायचं."

वेलदोड्याने माझं डोकं दुखतं. असेल आणखीही कुणाचं!

१३ सप्टेंबर
झोप नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
नाही म्हणून सांगायला तीनदा फोन हातात घेतला. मार्तंड नसेल या जगात, तर मी बसल्याने त्या बिचारीचं श्राद्ध बिघडेल. पण नाही म्हटलं, तर आपल्याच तोंडाने त्याला मारल्यासारखं होईल. ते मला जमणार नाही. जाते. हिरवी साडी काढून ठेवली.

१५ सप्टेंबर, सोमवार, पावणेबारा
देवश्रीताईंच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. पान मांडायचं चाललंय आत.

रस्ताभर दोन्हीकडे ऊस, पान हलत नव्हतं. मळा बघायला मन लागेना, म्हणून धनश्रीला संध्याकाळचं सांगून सरळ इकडे आले. स्टँडवर घ्यायला साळूबाई आली होती, इथे धुणीभांडी, झाडलोट करते. मला बघून जागीच थांबली. "बाई, तुमाला मी लई येळा बघितलंय." म्हटलं, मी पहिल्यांदाच आले सोनईला. "न्हाई वो. रोज बघते जनू. रोज सकाळी." मग वाटभर दोन पावलं मागूनच चालत होती.

यजमान घरात नाहीत. "सकाळी तर्पण केलं की मळ्यात जातात. सवाष्ण जेवताना थांबत नाहीत, फार भरून येतं त्यांना," देवश्रीताई म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

दारामागे खुंटीला दुधाची पिशवी आहे. दुधाच्या पिशव्या सगळ्यांकडेच असतात.

हाक आली.

१६ सप्टेंबर
पानासमोर पाट, पाटावर फोटो, फोटोला हार. भंडारदरा, माझी निळी साडी, वाऱ्याने उडालेले केस. साळूबाई रोज पुसते तो.

मी जेवले. खीर दोनदा मागून घेतली. देवश्रीने ओटी भरली, वाकून नमस्कार केला. तिला काही विचारलं नाही मी. तिनेही नाही.

कुंकू खरं निघालं. मार्तंड जिवंत आहे.

गेले ती मी.