पुढचा एक्सल आणि चपलांचा एक जोड

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, आणि कुणी मानेवर बसून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात काळ्या गाडीबद्दल ‘कुणीही खाली शिरू नये, आहे तशी भंगारात द्यावी’ असं कलम होतं. ते मी भीतीपोटी घातलं होतं. ती भीती गेल्या सोमवारी संपली.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासकट, माझ्या पत्नीचं. एक गोष्ट तिला एकवीस वर्षं माहीत होती आणि तिने मला एकदाही टोचलं नाही. कोणती, ते पुढे येईलच. माझी आरामखुर्ची तिने खुशाल टाकून द्यावी. तिला ती कधीच आवडली नव्हती.

कलम २. माझे पाने, हातोडे आणि मोठा व्हाइस शेजारच्या वेल्डरला द्यावेत. निम्मे पाने त्याच्याकडेच आहेत, तेव्हा फक्त उरलेले पोचवायचे. बॅटरीवाल्याला काही देऊ नये. त्याने माझा टॉर्च नेला आणि वर मलाच विचारलं, “तुमच्याकडे टॉर्च नाही का?”

कलम ३. काळी गाडी. ही आमच्या वडिलांची. ती माझ्या मागे कुणाला मिळावी हे लिहिण्याआधी ती एकवीस वर्षं घोड्यांवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी तिवयांवर, का उभी होती, हे लिहिणं भाग आहे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते. मी म्हटलं, मला आहे.

गाडीचा पुढचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधला जाड लोखंडी तुळईसारखा भाग, दुरुस्तीसाठी खाली घ्यायचा होता. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच कामाला होतो. आमच्या गॅरेजात वडिलांपासून एक रीत होती: जो गाडीखाली जाईल त्याने चपला गाडीच्या नाकासमोर काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की जॅकला कुणी हात लावायचा नाही.

भाऊ चपला काढून खाली गेला. माझ्या नव्या चपला चावत होत्या म्हणून मी त्या बाकाखाली भिरकावल्या होत्या. फाटकाशी एक गिऱ्हाईक हाका मारायला लागलं. मी समोर दिसल्या त्या चपलांत पाय सरकवले आणि गेलो. अर्धा तास बोलून परत आलो तर गाडीसमोर चपला नाहीत. मला वाटलं, भाऊ चहाला गेला. वाकून पाहिलं नाही. दांडा लावला आणि एक्सलखालचा जॅक सोडला. डावीकडचे बोल्ट काढून झाले होते, उजवीकडचे गंजून अडकलेले होते, त्यामुळे एक्सल डावीकडे कलंडला आणि भावाच्या खांद्यावर आला.

त्याचं हाड मोडलं. डावा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. आणि मी काय केलं, तर चार माणसांसमोर त्याच्यावरच खापर फोडलं: “चपला का नाही ठेवल्यास?” त्याला दवाखान्यात नेलं. मी घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, या कुणाच्या चपला?” अंगठ्याजवळ तांब्याच्या तारेने शिवलेल्या. भावाच्या.

मी मूग गिळून बसलो. तो परत कामावर आला नाही, त्याने दुसरीकडे गॅरेज टाकलं. एक्सल तसाच राहिला, एक बाजू लाकडी ठोकळ्यावर आणि दुसरी गंजलेल्या बोल्टांवर. त्याला हात लावायची मला हिंमत झाली नाही, दुसऱ्या कुणाला मी लावू दिला नाही. आपल्यामागे कुणीतरी खाली शिरेल आणि मरेल, या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं.

गेल्या रविवारी पुतणी आली. भावाची मुलगी, तीस वर्षांची, बापासारखीच पक्की मेकॅनिक. तिला आजोबांची गाडी चालू करायची होती. मी चावी शोधायला वळलो, तेवढ्यात तिने चपला गाडीच्या नाकासमोर काढल्या आणि खाली सरकायला लागली. मी ओरडलो, “बाहेर ये आधी!”

“काका, चपला ठेवल्यात की,” ती म्हणाली. “बाबांनी मला पहिला धडा हाच दिला.”

मग मात्र मला गप्प बसवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि बापाला फोन लावला.

सोमवारी सकाळी भाऊ आला. काखेत स्वतःचा जॅक. मी दारातच म्हणालो, “तुझ्या चपला माझ्या पायात होत्या.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“दादा, मी गाडीखाली पडलो होतो. तिथून तुझे पायच दिसत होते.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

“चूक तुझी, आणि बोलायचं मी? वाट बघत होतो. तू फारच वेळ लावलास.”

मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग आम्ही कामाला लागलो. दोन जॅक, प्रत्येक बाजूला एक. खाली ठोकळ्यांची थप्पी. बोल्टांना आदल्या दिवसापासून तेल पाजलेलं. नट शेवटच्या आट्यांवर आल्यावर पुतणीने वाकून दोन्हीकडून पाहिलं आणि म्हणाली, “खाली कुणी नाही.” मी म्हणालो, “दोन बोटं.” भाऊ म्हणाला, “दोन बोटं.” दोन बोटं उतरायचं, थांबायचं, एक ठोकळा काढायचा, परत दोन बोटं. पाऊण तास लागला. एक्सल जमिनीवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

तर, गाडी, गॅरेज आणि दोन्ही शेड पुतणीची. अट एकच: चपलांची रीत चालू ठेवावी, पण चपलांवर विश्वास ठेवू नये. वाकून पाहावं.

कलम ४. भावाला निम्मं गॅरेज द्यायचं माझ्या मनात होतं. वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. भाऊ म्हणाला, “मग मला काही नको. तुझ्या बाजूने साक्ष द्यायची एकदा तरी पाळी आली, ती मी सोडणार नाही.” म्हणून त्याला यात काहीही दिलेलं नाही. जे त्याचं होतं ते बायकोने माळ्यावरून काढलं आणि मी आजच त्याच्या हातात दिलं.

स्थळ : गॅरेज, गाडीच्या नाकासमोर.
दिनांक : एक्सल उतरवल्यानंतरचा पहिला शुक्रवार.

सही : लिहून ठेवणारा

साक्षीदार १ : वकीलबाईंचे कारकून. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २ : लिहिणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली, दादा पूर्ण शुद्धीत होता. चपला मिळाल्या. घालूनच घरी जात आहे.