तात्यांच्या आवाजाचं फोल्डर

८ नोव्हेंबर २००९, रविवार
जांबे गावात ही खोली घेऊन दोन वर्षं झाली. खाली घरमालक तात्या-काकूंच्या ओट्यावर एवढी शांतता कधी पाहिली नव्हती. तात्यांचं नक्की झालं. घशातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्र काढावं लागणार. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तात्यांनी विचारलं म्हणे, "जानार म्हंजी कुटं जानार?" कुणी हसेना, मग स्वतःच हसले.
काकू दिवसभर भांडी आपटतायत.

१० नोव्हेंबर
ऑफिसात नवीन काम. इंटरनेटवर फायली ठेवायची सेवा निघालीय, तिची मराठी मदतपानं मी लिहायची. अपलोड, शेअर, परमिशन, सिंक. सर म्हणतात, आजोबांना कळेल असं लिहा. सरांचे आजोबा बँकेत मॅनेजर होते, त्यांना काय!
संध्याकाळी तात्यांवर प्रयोग. म्हटलं, अपलोड म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याच्या कोठारात नेऊन ठेवायची.
"किल्ली कुनाकडं?"
आपल्याकडे.
"मंग दुसऱ्याचं कसं काय?"
लिहिलेलं खोडलं. पण तिथंच डोक्यात आलं, तात्यांचा आवाजच का नको ठेवायला? माझ्या फोनवर रेकॉर्ड करायचा आणि वर चढवायचा. काकू एकदम म्हणाल्या, "आत्ताच कर. उद्या नगं."

१३ नोव्हेंबर
रोज ऑफिसातून आल्यावर रेकॉर्डिंग. फोन समोर धरला की तात्या पुढारी होतात. "जमल्याल्या बंधू-भगिनींनो..." काकूंनी दटावलं तेव्हा कुठे माणसात आले. बैलांची नावं, आंबेमोहोर वासावरून कसा ओळखायचा, कासारसाईचं धरण झालं तेव्हाच्या गमती. मध्येच ठसका. थांबायचं, पाणी, पुन्हा. फोनचं कार्ड सारखं भरतं, म्हणून वर चढवलं की फोनमधलं पुसते.

१५ नोव्हेंबर, रवि.
तात्यांनी विचारलं, हे अजून कुणाला ऐकता येईल? म्हटलं, ज्याला शेअर करू त्याला. मग, "नामाला दे."
नामाकाका, तात्यांचे धाकटे भाऊ. जमीन विकली तेव्हा बिनसलं. ते आपला हिस्सा घेऊन कासारसाईला राहायला गेले. चार वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नाही. काकूंनी नंबर तोंडपाठ सांगितला.
मीच फोन केला, तात्यांच्या आवाजाचं फोल्डर पाठवतेय एवढंच सांगितलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, सुनेनं ईमेल काढून दिलाय. मग परमिशनचा प्रश्न. नामाकाकांनी नुसतं ऐकायचं, की त्यांना टाकता-काढताही यावं? तात्या चिडलेच. "घरच्या मानसाला कसली आलीय परमिशन? समदं करू दे त्येला."
दिली सगळी.

१८ नोव्हेंबर
ऑप. झालं. आत नेताना काकूंना शेवटचं काय म्हणाले, तर "मोटर बंद केलीस का?" काकू बाकावर बसून एकदा हसायच्या, एकदा डोळे पुसायच्या. मलाही आवरेना.

२७ नोव्हेंबर
तात्या घरी. गळ्याला भोक, त्यावर फडकं. लिहायचा पहिल्यापासून कंटाळा, हातानंच बोलतात, हाक मारायची तर काठी आपटतात. निम्मं कळतं.
संध्याकाळी लॅपटॉप खाली नेते. काकू मटार सोलत ऐकतात. ऐकता ऐकता "व्हय", "कायतरीच तुमचं" अशी उत्तरंही देतात. तात्यांना स्वतःचं ऐकायची लाज वाटते. उठून गोठ्यात जातात, पण दाराशीच उभे असतात.

२ डिसेंबर
फोल्डर रिकामं. एकही फाइल नाही. आधी वाटलं नेट बंद, मग वाटलं माझाच गाढवपणा. मग दिसलं, कालच नामाकाकांनी काढलंय. नामाकाकांना फोन लावला.
"व्हय, न्हेलं की. दादानं माझ्या नावानं ठिवलं, माझा वाटा मी उचलला. माझ्या काम्पुटरवर घेतलं नि तितलं साफ करून दिलं."
साफ कशाला केलं?
"आमच्यात खळ्यावरनं आपला वाटा उचलला की खळं झाडून द्यायचं. मागं दाना ठिवला तर देनाऱ्याला वाटतं, ह्याला कमी पडलं, ह्यो रुसला. रुसवा नगं म्हून झाडलं."
समजावलं. काका, फोल्डर एकच आहे, तुमच्याकडे दिसतं तेच आमच्याकडे. त्याला सिंक म्हणतात. तुम्ही काढलं की सगळीकडून गेलं. एकदम आवाज ताठ झाला.
"दिल्यालं कुनी परत मागतं व्हय? दादाला सांग, सोता माग म्हनावं."
म्हटलं, काका, मागायला त्यांना आवाज राहिला नाही. ऑप. झालं.
"कवा?"
सांगितलं.
"मला कुनी कळवलं न्हाई," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं काकूंनी कळवलं असेल. काकूंना वाटलं मी.

३ डिसेंबर
कचरापेटीत सगळं आहे! काढलेल्या फायली तीस दिवस तिथं राहतात, फोल्डरच्या मालकाला परत आणता येतात. मालक मी. उड्या मारत खाली गेले. काकूंनी चक्क माझी अलाबला घेतली.
तात्यांनी पुढं होऊन लॅपटॉपचं झाकण लावलं.
कासारसाईच्या दिशेला बोट. मग हातानं, ये ये. मग माझ्याकडे बघून, नको.
काकू भडकल्या. "त्यो घिऊन येतोय व्हय? चार वर्सात आला न्हाई, त्यो आता येतोय! आन् तवर मी काय ऐकू?" तात्या जागचे हलले नाहीत. हात झाकणावरच.
त्यांचा आवाज, त्यांची मर्जी. झाकण उघडलं नाही. पण रडू आलं काकूंचं बघून.

१३ डिसेंबर, रवि.
नामाकाका आले! मोटरसायकलवर, पुढ्यात नव्या तांदळाचं पोतं. दारात उभेच. तात्यांनी ओट्यावरची घोंगडी झटकली, तेव्हा बसले. फडक्याकडे बघवेना त्यांना. इकडचं-तिकडचं, भात, पाऊस, बिल्डर. एकटेच बोलत होते, तात्या माना डोलवत. तासभर. रेकॉर्डिंगचा विषयच नाही.
निघताना खिसा चाचपला. "आरं तिच्या! तुझा आवाज भरल्यालं त्ये पेनड्राइव्ह घरीच राह्यलं. पुडल्या रइवारी आनतो, दादा."
तात्यांनी मान हलवली, काही घाई नाही अशी.

२० डिसेंबर, रवि.
आले. पेनड्राइव्ह पुन्हा राहिलं. सुनेनं कुठंतरी ठेवलंय म्हणे. तात्यांचे खांदे हलत होते, हसतायत हे मला उशिरा कळलं. दोघं गोठ्यापर्यंत फिरून आले. नामाकाका जेवूनच गेले.
काकूंनी वाढलं सगळं, पण हसल्या नाहीत.

२७ डिसेंबर, रवि.
पेनड्राइव्ह नाही. दोघांनी मिळून म्हशीचं दावं बदललं. जाताना नामाकाका मला हळूच म्हणाले, "एकदा आनून दिलं की मंग कुटल्या तोंडानं यायचं गं दर आटवड्याला?" म्हटलं, नुसते या की. "तुला न्हाई कळायचं," म्हणाले.
कळतं मला. काकूंचंही कळतं, तीच पंचाईत आहे.

३० डिसेंबर, बुध.
मदतपानं काल पाठवली. कचरापेटीखाली लिहिलंय, मुदत संपल्यावर फाइल कुणालाही परत आणता येत नाही. सरांना आवडलं, सोपं आहे म्हणाले.
आपली मुदत उद्या संपते. म्हणून आज रजा टाकली, नि काही न करता बसून राहिले. परत आणलं तर ते नामाकाकांच्या कॉम्प्युटरवरही दिसणार, गुपचूप काही होत नाही यात. त्यांचं निमित्त जाणार. आणि नामाकाकांचा कॉम्प्युटर बिघडला, पेनड्राइव्ह खरंच हरवलं तर?
दुपारी तात्या झोपल्यावर काकू वर आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत बसल्या. म्हटलं, नामाकाका आणतील हो आज ना उद्या.
"आनतील गं. येत्यात, बसत्यात, मला काय वाईट वाटतंय व्हय? लई बरं वाटतं." मग पदराशी चाळा करत बसल्या.
"पन पोरी, काल चुलीम्होरं बसल्ये नि त्यांचा आवाज आटवाया गेल्ये. तोंड दिसतं, व्हट हालत्यात. आवाज येईना. बेचाळीस वर्सं ऐकला की मी त्यो."
काकू गेल्या. लॅपटॉप उघडलाय. कचरापेटीत सगळ्या फायली दिसतायत, 'परत आणा' दाबायचं की नाही अजून ठरत नाही. खाली तात्या जागे झाले वाटतं, काठीचा आवाज येतोय.