हेतल नसेल तो विषय

मंगळवार, जेवणाआधी

बारावीपासून बँकेत लागायचं म्हणत आलेय, आणि आज तिसऱ्या वर्षासाठी फायनान्स सोडून एचआर घेतलं. हेतलमुळे, दुसरं काय!

बीबीएच्या दोन्ही वर्षांत ती पहिली, मी दुसरी. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ती अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवते आणि उत्तर सांगून मोकळी. म्हसावदला घरच्या केळीच्या गाड्या भरताना शिकली म्हणे. आमच्याकडे कसल्या गाड्या? पप्पा नवापूरला दुसऱ्याच्या पोल्ट्रीवर कामाला. सरसुद्धा कौतुकाने तिच्या बोटांकडेच बघत बसतात. मी अख्खं गणित फळ्यावर सोडवलं तरी नुसतं "छान, बस." शेवटी मीच मनात म्हटलं, हेतल, फायनान्स तुलाच लखलाभ. मला एकदा, एकदाच पहिलं यायचंय.

आणि आत्ता तिचा फोन. हसत होती.

"मी बी एचआरच लिधं. तू नही, तं तठे एकली बसीसन काय करू?"

"बरं झालं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझ्यासाठी फायनान्स सोडलं तिने. मला आनंद व्हायला हवा ना? होत नाहीये. पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच, की एचआरमध्ये आकडे नाहीत, तिथे तिची ती बोटं काय कामाची? जरा बरं वाटलं. मग आठवलं, एचआर म्हणजे सगळी माणसांशी बोलणी, आणि ही किती गोड बोलते.

तिथेही मी दुसरीच.