पाण्याचे बुधले

गुरुवार, मार्च १९७९

प्रिय भगवान,

आधी कबूल करतो, मंग शिव्या दे. सहामाहीला इतिहासाच्या पेपरात मी लय मोठी थाप ठोकली. प्रश्न व्हता, पहिल्या धर्मयुद्धाची माहिती लिहा. युरोपातले ख्रिस्ती सरदार निघाले, वाटंत गावं जाळली, जेरूसलेम घेतलं, एवढं मलाबी म्हाईत व्हतं. पण मी लिहिलं, ते पोचलेच न्हाईत. फौजेत तेलाचे बुधले वाहणारं एक पोरगं व्हतं. त्यानं नदीवर सगळं तेल सांडलं अन् बुधल्यात पाणी भरलं. पहिल्याच गावाशी पलिते काही पेटंनात. सरदार एकमेकांची तोंडं बघत उभे राह्यले अन् लाजून घरला गेले. जेरूसलेमला पत्ताबी लागला न्हाई. खाली लिहिलं, सबब पुढची सगळी धर्मयुद्धं रद्द.

सरांनी भोपळा दिला. वर्गात उभं केलं अन् म्हणले, कोणत्या पुस्तकात वाचलंस रे शहाण्या? म्हणलं, सर, पुस्तकच चुकलंय. पोरं लय हसली. तुझ्या जागेवर अजून कुणी बसत न्हाई.

आठवतं का, सातवीत आपण शिपायाच्या कंदिलातलं घासलेट काढून पाणी भरलं व्हतं? ते बिचारं काडीवर काडी ओढायलंय अन् आपण खिडकीखाली तोंड दाबून. डोकं तुझं व्हतं, मार मी खाल्ला.

आखाडात रेडिओवर विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली अन् गाव तुमच्या वस्तीवर उलटलं. भर दुपारी आमचे दत्तरावकाका म्हणले, चंद्र्या, दुकानातून घासलेटचा डबा आण देवळापाशी. कशाला, ते मला म्हाईत व्हतं. वाटंत हीर व्हती. डबा वतून पाणी भरायला कितीसा येळ? पण साऱ्या गावाला चकवणाऱ्या मला त्याच दिवशी खोडी सुचली न्हाई. न्हाई, खोटं कशाला. सुचली व्हती. काकाच्या काठीला भ्यालो.

तुमचं घर पेटलं तवा तोच डबा हिरीतून भरून मी पळत आलो. तुझी माय, सुलाबाई, अजून सांगती की अख्ख्या गावातून एकटा चंद्रभान पाणी घेऊन आला. तुझ्या किशनआज्याला बाहेर काढलं, त्यानं पाणी मागितलं. मी डबा तोंडाशी धरला. आज्यानं वास घेतला. माझ्याकडं पाह्यलं. अन् पिला. आठव्या दिवशी दवाखान्यात जीव सोडला, पण डब्याचं कुणाला एक शब्द बोलला न्हाई.

आता पूर्ण्याहून तुझं कार्ड आलं, मायनं साक्षीला माझं नाव दिलंय, आपला पोरगा म्हणून. सोमवारी परभणीला तारीख. काका रोज पढवायलाय, म्हण मी शेतात व्हतो. मी नंदीबैलावाणी मान हलवायलोय. पण तिथं उभा राह्यलो की डबा कुणी मागवला अन् कुणी आणला, दोन्ही सांगणार हाय. तुला ते कोर्टात पहिल्यांदा कळू नये म्हणून हे पत्र. कार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून पाकिटात घातलं. पाया पडतो भगवान, सोमवारपस्तोर कुणालाच सांगू नको. काकाला कळलं तर मला घरातून निघू देत न्हाई. अन् मायला तर मुळीच नको. ती माझ्यासाठी भाकरी बांधून आणणार म्हणलास. मी खाणार न्हाई. पण तिला बांधू दे. तिला माझ्याच तोंडून ऐकू दे. सांगू नको रे.

तुझाच,
चंद्रभान