सायलेन्सर बदलल्यानंतर काय काय झालं, क्रमाने

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे, आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे बाबांचा खोकला गेला, आई ठणठणीत आहे, माझं काम चालू आहे. तू फोनवर म्हणालीस की इंजिनाचं दुखणं तोंडी सांगू नये, माणूस मधली पायरी गाळतो आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. कुठे काही गाळलं असेल तर ते शरमेपोटी, विसरून नाही.

तू दिलेल्या मोटरसायकलचा सायलेन्सर खालून गंजून गेला होता, इतका की बोट घातलं तर आरपार जायचं. तुला न विचारता काही बदलणार नाही असं मी कबूल केलं होतं. (विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.) पार्टवाल्याने एक आखूड, चकचकीत नळकांडं दाखवलं आणि हा आतून मोकळा आहे, गाडी उडेल म्हणाला. रविवारी इमारतीखाली गोणपाट अंथरून बसले ती साडेतीन तासांनी उठले. त्यातले दोन तास एका गंजलेल्या नटाने खाल्ले, आणि कंबर तिथेच गेली. जुना सायलेन्सर आठवडाभर तरी ठेव असं बाबा म्हणत होते. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही म्हणून मी तो त्याच संध्याकाळी भंगारात घातला. सबंध प्रकरणात शहाणपणाचं बोलणारे ते एकटेच होते, हे आता लिहून टाकते.

सोमवारी गाडी उडाली नाही, उसळली. उभी असताना धाप लागल्यासारखी वरखाली व्हायची, मुठीला पीळ दिला की आधी विचार करायची आणि मग निघायची, पीळ सोडला की सायलेन्सरमधून फटाफट आवाज. चष्म्याच्या दुकानासमोर (मी आता मागे काचा घासत नाही, मालकांनी पुढे नंबर तपासायला बसवलं आहे) शेवटचा बार इतका मोठा झाला की आत तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलेले गृहस्थ चौथ्या ओळीवरून थेट उठून उभे राहिले. मालकांनी त्यांचा नंबर पुन्हा पहिल्यापासून काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावायला लागले.

मंगळवारी प्लग काढला. खडूसारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, एवढं तूच शिकवलं आहेस. हवेचा फिल्टर धुतला, कार्बोरेटर उघडून साफ केला, फरक शून्य. बुधवारी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी कान लावतो आणि मग हात. त्याने कान लावला आणि सायलेन्सर मोकळा झाला तर कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेटही मोठा हवा म्हणून मोठा जेट टाकला. गुरुवारी मी बसने गेले, कारण दहाला पोचायचंच होतं आणि गाडीचा भरवसा उरला नव्हता. शुक्रवारी सकाळी गाडी चालू केली तर मागून काळा धूर. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. प्लग आता तव्यासारखा काळा, आणि फटफट होती तशीच. मी तावातावाने डॉक्टरकडे गेले, चार माणसांसमोर म्हटलं, औषध जास्त झालं. त्याने जुना जेट परत टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता आईचं. तू तिला न विचारता मला गाडी दिलीस, त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे, हे तुला मी सांगायला नको, पण क्रमाने लिहायचं ठरलं आहे. आई गाडीला वळसा घालून जाते, जणू ती चावेल. शनिवारी सुट्टी होती म्हणून मी खाली बसून पीळ देत होते, देत होते, आणि आई जिना उतरून आली. मला वाटलं, आवाजावरून बोलणार. ती वळसा न घालता थेट गाडीपाशी आली.

"बंद कर. आता परत चालू कर."

मी केली. तिने सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे मिळते तिथे, न टेकवता, तळहात धरला.

"इथे फुसफुसतंय. वारा लागतोय हाताला. सांध्याच्या आतली जुनी रिंग काढली होतीस का?"

मी म्हटलं, जुनी रिंग नव्हतीच, आत नुसतं इंजिन होतं.

"तसंच दिसतं ते," आई म्हणाली.

इंजिन निवेपर्यंत ती वर जाऊन क्रोशाची सुई घेऊन आली. सगळं खोलल्यावर आत सुई घालून, वीस मिनिटं खटपट करून तिने काळीकुट्ट, चेपलेली रिंग बाहेर काढली. जुनीवरच नवी बसवल्यामुळे नळी तिरकी बसत होती आणि फटीतून वारा जात होता. तुला हे कसं माहीत, असं मी विचारलं. आई म्हणाली, "लग्नानंतर दोन वर्षं तुझ्या आत्याने मला दर रविवारी टॉर्च धरायला बसवलं होतं. ही चूक तिने स्वतः दोनदा केली आहे." (हे तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे.)

तेव्हापासून फटफट बंद, गाडी उभी असताना शांत. पीळ देताना किंचित अडखळते, तेवढंच राहिलं आहे. त्यासाठी कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू किती फेरे ठेवायचा? तू मला दीड सांगितला होतास, आई दोन म्हणते.

बाबांचा तुला आशीर्वाद. कळावे.

तुझी भाची

ता. क. स्क्रूचं मला काही नडलेलं नाही, अर्धा फेरा मी माझा बघून घेईन. पण उत्तर पाठवशील ते आईच्या नावाने पाठव. ती फोन करणार नाही आणि तूही करणार नाहीस. स्क्रूवरून मात्र तुम्ही दोघी महिनाभर भांडू शकाल.

—

वन्सं,

पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. उघडलं. पोरीने सगळं खरं लिहिलं आहे, पण एक पायरी तिच्याकडून राहिली, कारण ती तिला माहीत नाही. गुरुवारी ती बसने गेली त्या दुपारी गाडी मी चालू केली होती. अर्धा चोक ओढला आणि तो आत ढकलायचा राहिला; शनिवारी पोरीची पाठ असताना ढकलला. शुक्रवारचा काळा धूर माझ्या चोकचा, जेटचा नाही. मोठा जेटच बरोबर होता. डॉक्टरची माफी तिला मागायला लावायची आहे, पण कारण न सांगता ते कसं जमवायचं हे मला सुचत नाही.

गेले तीन महिने ती बसने जाते त्या दिवशी मी खाली उतरते. तुमच्या भावाला माहीत आहे, ते फाटकापाशी उभे राहून कोणी येतंय का बघतात. पहिल्या गिअरपर्यंत येतं. क्लच सोडला की बंद पडते. पडले तर माझी मी पडेन, पण हे वय एकटीने शिकायचं नाही. पंधरा दिवस येऊन राहा. मागे जे बोलले ते पोरीच्या काळजीने बोलले; त्यातलं निम्मं परत घेते, निम्मं समोरासमोर बोलू.

स्क्रू दोनच फेरे.

तुमचे ते जाड तळाचे बूट असतील तर आणा. माझी चप्पल गिअरवरून घसरते, आणि आपलं माप एकच आहे.