दादाला आधी कळलं

बाबा, गेल्या आठवड्यात दादा मालवणहून माझी प्रयोगशाळा बघायला आला होता. इथं एक लांबलचक हौद आहे. त्यावरून गाडा धावतो, आणि गाड्याला उभा बांधलेला लोखंडी खांब पाणी कापत जातो. खांबापुढं पाणी चढतं, मागं खळगा पडतो, आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात. समुद्रात खांब रोवायचे तर हे मोजावं लागतं. माझी पंधरा वर्षं त्यात गेली. दादा चपला काढून काठावर उकिडवा बसला. गाड्याचा वेग मी वाढवत नेला, तसा तो भोवऱ्यांकडे बघत म्हणाला, "आता ह्यो थरथरतलो गो." मी यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. खांबाची थरथर दाखवणारी रेघ सरळ होती. मग एकदम ती उड्या मारायला लागली.

"तुका कसा कळला?"

"बाबांनी शिकवल्यानी. चलत्या होडयेतसून बांबू पाण्यात उभो धरूक सांगीत. भोवरे एका तालात सुटूक लागले की बांबू हातात नाचता."

मला ठाऊक होतं. मी वाळूत उभी राहून तुम्हा दोघांना बघायची. त्याच्या हातावर तुमचा हात. एकदा गुडघाभर पाण्यात शिरून मी ओरडले होते, "बाबा, माका पण धरूचो आसा!" तुम्ही होडीतूनच म्हणालात, "तू घराक जा. आवशीक बांगडे साफ करूक मदत कर." मी गेले. पुढं मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुम्ही वाडीभर पेढे वाटलेत, पण जग सोडून जाईपर्यंत मला होडीत कधी घेतलं नाहीत.

हौदाकाठी बसलेल्या दादाचा मला फार हेवा वाटला. मी एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "यंत्रानं तुझ्या आधीच दाखवलं होतं."

तो हसला. "आसात. तुमच्या यंत्रांका जास्त कळता." एरवी मला 'तू' म्हणणारा दादा 'तुमच्या' म्हणाला, आणि चपला घालायला वाकला.

स्टँडवर सोडेपर्यंत खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. परत आले, गाडा पुन्हा चालवला आणि पडद्याकडे पाठ करून नुसते भोवरे बघत राहिले. खांब केव्हा थरथरायला लागला, मला कळलंच नाही. हे दादाला सांगायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही.